पलंगाखाली गेलेला दाणा

शेजारचे दिघेकाका पूर्वी टीव्हीसाठी खुनाच्या रहस्यकथा लिहायचे. त्यांची जुनी मालिका हल्ली दुपारी पुन्हा लागते. काल मी त्यांची वाटी परत द्यायला गेले, तेव्हा ते तीच बघत होते. पडद्यावर एक म्हातारे पोस्टमास्तर पलंगावर बसून मटार सोलत होते. एक दाणा घरंगळत पलंगाखाली गेला, तसे ते वाकून शोधायला लागले.

"काका, तुमचे सगळ्यात चांगले भाग कोणते?" मी विचारलं.

"ज्यात मरणाऱ्याला नीट जगवता आलं, ते. खुनी कोण, हे सगळे विचारतात. गेला तो कोण होता, हे कुणी विचारत नाही."

पडद्यावर पोस्टमास्तरांच्या मागचं दार हळूच उघडलं. काकांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला.

"आज राहू दे त्यांना," ते म्हणाले.

मला आधी हसू आलं. मग वाटलं, पेपरातली माणसंही आपल्याला गेल्यावरच भेटतात. त्या सकाळी त्यांनी काय निवडलं, काय सोललं, कशावरून कुरकूर केली, ते कुठे छापून येतं?

घरी आले, तर सासूबाईंनी तोच भाग लावला होता. पोस्टमास्तर जमिनीवर पालथे पडले होते.

"सुनेनंच केलंय, बघ," सासूबाई म्हणाल्या.

आमच्याकडे ते गेले होते. भिंतीपलीकडे अजून वाकून दाणा शोधत होते.