भिंतवाली काकू

काकू कोणाच्याही घरी गेली की आधी सैपाकघरात जायची आणि शेगडीमागच्या भिंतीवरून तळहात फिरवायची. "बसा हो काकू, चहा टाकते," म्हणणारी बाई गॅस पेटवायच्या आत काकूचा हात भिंतीवरून फिरून आलेला असायचा. मग तो हात डोळ्यांसमोर धरून पाहायची, कधी हुंगायचीसुद्धा. हात कोरडा निघाला तर पाट ओढून बसायची. ओशट निघाला तर "आज माहा उपास हाय वं" म्हणून उठायची. सातही वारांचे उपास करणारी बाई मी आयुष्यात ही एकच पाहिली. आर्वीत तिच्यावर रुसलेल्या बायका काही कमी नव्हत्या, आणि त्यांत माझा नंबर पहिला.

नव्वदच्या सुमारास ह्यांना आर्वीच्या शाळेत नोकरी लागली, आणि नवा संसार घेऊन आम्ही काकूच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आलो. माझं माहेर आंजीचं. नवी नवरी, हौसेनं पोहे केले, काकूला बोलावलं. ती आली, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाली, "काऊन वं, तुमच्या आंजीत भिंती पुसत नाई का?" थेट माहेरावर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, खोली तिची, भिंत तिची, आधीच्या भाडेकरणीची फोडणी तिच्यावर उडालेली, आणि बोल मात्र माझ्या आंजीला! दुसऱ्या दिवशी काकू गरम पाण्याची बादली आणि धुण्याचा सोडा घेऊन दारात हजर. पदर खोचून तिनं भिंत घासायला घेतली. आता म्हातारं माणूस घासतंय आणि मी काय नुसती पाहत उभी राहू? घेतली मीही चिंधी. भिंत झाली आणि आमची दोस्तीही झाली.

काकूची खानावळ होती, एसटी डेपोच्या जवळ, राहत्या घरातच. डेपोचे ड्रायव्हर-कंडक्टर आणि आष्टी-तळेगावकडून शिकायला आलेली पोरं तिच्याकडे जेवत. तुरीचं वरण, भाकरी, जवसाची चटणी, रविवारी गोळाभात. 'भिंतवाली काकू' हे नाव त्या पोरांनीच ठेवलेलं. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. ती म्हणायची, "भांडं तं रोज घासते बाई, भिंत कोन घासते? फोडनी तं दोघाइवरबी उडते ना!" आणि पोरं जेवून बाहेर पडली की त्यांच्या पाठीकडे पाहत म्हणायची, "मायच्या हातचं सोडून आपल्यापाशी येते लेकरू. जसं आलं तसं मायले परत गेलं पायजे."

या एका गोष्टीपायी तिनं भिंतीवर काय काय करून पाहिलं! आधी चुना होता. चुना कीड मारतो खरा, पण पुसायला गेलं की चिंधीबरोबर निघून येतो. मग ऑइल पेंट लावला. पावसाळ्यात वाफ धरून त्याला पोपडे सुटले आणि एक पोपडा कंडक्टरच्या वरणात पडला. कंडक्टर बिचारा तो बाजूला काढून जेवला. काकू मात्र त्या दिवशी जेवली नाही. "कातडं टाकनारी भिंत मले नको," म्हणाली, आणि टाइल्स बघायला मला घेऊन अमरावतीला निघाली.

दुकानदारानं आमच्यापुढे हौसेनं टाइल्स मांडल्या. द्राक्षांचे घोस, फळांची परडी, उठावाची गुलाबाची फुलं. मला तर त्या फुलांचा मोहच पडला होता. काकूनं एका फुलाच्या पाकळीत नख घातलं. "याच्यात हळद बसली का निघत नाई. फुलात घान लपते, बापा. साधी दे, पांढरी. मळली का मळली दिसली पायजे." एवढ्यावर थांबेल तर काकू कसली? पिशवीतून तिनं बाटली काढली. तिच्यात हळद-तिखटाची उरलेली फोडणी होती. ती टाइलवर ओतली आणि दुकानदाराला म्हणाली, "आम्ही देवीचं दर्शन घेऊन येतो. तोपावतर वाळू दे." परत आलो तेव्हा दुकानदार ती टाइल नवसाची असल्यासारखी धरून बसला होता. काकूनं पदराच्या टोकानं फोडणी पुसली. निघाली. तिचा चेहरा असा फुलला की मला वाटलं, आता ही दुकानातच पाट ओढून जेवायला बसते की काय.

मिस्त्रीचंही काही खरं राहिलं नाही. दोन टाइल्समधली सांध बारीक ठेव, घाण सांधीत बसते. ओटा आणि भिंतीचा कोपरा गोल कर, चिंधी पोचली पाहिजे. अर्ध्या भिंतीवर थांबू नको, वाफ अर्ध्यात थांबत नाही. असं करत करत छतापर्यंत भिंत पांढरीशुभ्र झाली. सगळी आळी बघायला आली. त्या काळी आर्वीत पांढऱ्या टाइल्स न्हाणीघरात नाहीतर दवाखान्यात. काकूची नणंद, आम्ही सगळे तिला आत्याबाई म्हणायचो, उंबऱ्यातच थबकली. "अव माय! सैपाकघर हाय का संडास?" काकू म्हणाली, "तुमचा संडास सैपाकघरापरीस सोच्छ हाय मंग, चांगलं हाय." आत्याबाई त्या दिवशी चहा न पिता गेली, आणि ती भिंत तिनं मनात धरून ठेवली.

काकूला एकच लेकरू होतं, विनू. उशिरा झालेला, नवसाचा. वारलेल्या बापासारखा उंच आणि आईसारखा बोलका. आईची चेष्टा करण्यात पहिला. बाहेरून आला की आईच्या कपाळावरून तळहात फिरवायचा आणि हुंगून म्हणायचा, "कोरडी हाय, जेवाले हरकत नाई." काकू त्याला लाटणं दाखवायची आणि तोंड फिरवून हसायची. त्याच्यासाठी ती दर श्रावणात जिवतीचा कागद भिंतीला चिकटवायची. आपल्याकडच्या आयांना सांगायला नको, लेकरांना आयुष्य देणारी ही देवी. शुक्रवारी तिची पूजा करायची, आणि लेकरू दूर असेल तर त्या दिशेला अक्षता टाकायच्या, जिथं असेल तिथं सुखी राहो म्हणून.

टाइल्स लागल्यानंतरच्या पहिल्या श्रावणात काकूनं नेहमीसारखी कणकेची खळ केली आणि जिवती चिकटवली. चुन्यावर वर्षभर बसणारा कागद त्या गुळगुळीत भिंतीवर वरण उकळेपर्यंतही टिकला नाही. वाफ लागली आणि देवी घसरत घसरत ओट्यावर आली. नेमकी तेव्हा आत्याबाई दारात! तिच्या तोंडचं पाणी पळालं. काकूनं मात्र कागद उचलला, पुसला, डब्यांच्या फळीवर टेकवून ठेवला आणि हसून म्हणाली, "जिवतीले काय भिंतच लागते? बसली तिथं ऐटीत." पुढची दोन-तीन वर्षं जिवती फळीवरच बसली.

मग विनू इंजिनिअरिंगला नागपूरला गेला. राहायला खोली मिळाली, जेवायला जवळची एक मेस. काकू त्याला बघायला म्हणून गेली आणि त्या मेसच्या भटारखान्यात शिरली. परत आली ती माझ्याच दारात. पदराला पुसूनही तळव्यावर काळसर डाग राहिला होता. "पाह्य वं," म्हणाली, "हात नाई, तवा झाला माहा. म्या म्हनलं विन्या, इथं जेवू नको. तं हासते. म्हनते, आई, सगळेच पोरं इथंच जेवते, कोनी मेलं का?"

काकू गप्प बसणारी थोडीच! डेपोचे ड्रायव्हर तिच्या हातचं जेवलेले. रोज सकाळच्या नागपूर गाडीनं विनूचा डबा जाऊ लागला. कंडक्टर तो आपल्या तिकिटांच्या पेटीसारखा जपून न्यायचे. पण उन्हाळा लागला, भाजी आंबू लागली, आणि पोरगं स्टँडवर रोज कुठवर येणार? परीक्षा जवळ आली तेव्हा त्यानंच निरोप पाठवला, डबा नको. काकूनं त्या दिवशीही सवयीनं डबा भरला आणि मग तो उघडून भाजी पुन्हा कढईत ओतली.

विनू घरी आला तो डोळे पिवळे घेऊन. अंगावर ताप काढत परीक्षा दिली होती पोरानं. मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, कावीळ आहे, लिव्हरवर गेली आहे, खाण्यातून नाहीतर पाण्यातून आली असणार, कुठून ते सांगता येत नाही. काकू त्याच्या उशाशी बसून त्याच्या कपाळावरून तळहात फिरवत होती. आम्ही सगळे देव पाण्यात ठेवून बसलो होतो. काही उपयोग झाला नाही. विनू गेला.

भेटायला येणाऱ्यांच्या गर्दीत, सगळ्यांच्या देखत, आत्याबाई बोललीच. "संडासाची फरशी लावली, जिवती पाडली. म्या तवाच म्हनलं होतं." मला वाटलं उठावं आणि तिचं तोंड दाबावं. काकू तिच्याकडे नुसती पाहत राहिली. आर्वीत कोणाला उत्तर द्यायचं बाकी न ठेवणारी बाई! खानावळ बंद झाली. पोरं दाराशी येऊन परत जाऊ लागली. त्या पांढऱ्या भिंतीवर धूळ बसली, आणि काकू तिच्याकडे पाठ करून बसायची. एकदाच बोलली. "लोकाइचे लेकरं म्या धडधाकट वापस पाठवले वं. माहं लेकरू कोन्या भिंतीनं नेलं? तिथल्या का इथल्या?" ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

श्रावण तोंडावर आला तेव्हा एका सकाळी काकूच्या घरातून छन्नी-हातोड्याचा आवाज येऊ लागला. संपलं, आत्याबाई जिंकली, काकू भिंत उखडून टाकते आहे, असं मनात येऊन मी हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून धावले. पाहते तर मिस्त्री ओट्यापासून लांब, वाफ पोचणार नाही अशा कोपऱ्यात, एकच टाइल काढत होता. बाकी भिंत धुऊन पुसून लख्ख झाली होती. टाइल निघाली तशी काकूनं स्वतःच्या हातानं त्या चौकोनात चुना भरला.

"आत्याबाई खरं बोलते का खोटं, मले मालूम नाई," ती म्हणाली. "भिंत तं म्या चांगलीच केली. पन माह्या मनानं मले रोज म्हनू नाई, का तुनं देवीले जागा नाई देल्ली. म्हून देल्ली. चुना खळ धरते, आन कीडबी मारते."

शुक्रवारी तिनं तिथं जिवती चिकटवली. तिथं मात्र ती बसली. पूजा करून काकू अक्षता घेऊन अंगणात आली आणि नागपूरकडे तोंड करून उभी राहिली. मला राहवलं नाही. "काकू, आता कोणासाठी?" ती रडत रडत म्हणाली, "कोनाचं तरी लेकरू त्या भिंतीपाशी जेवून राह्यलं असन ना वं." तिनं अक्षता टाकल्या, डोळे पुसले आणि दुसऱ्या दिवशी खानावळ उघडली.

पुढे आमची वर्ध्याला बदली झाली, आम्ही स्वतःचं घर बांधलं. सैपाकघराला छतापर्यंत पांढऱ्या साध्या टाइल्स आणि एका कोपऱ्यात चुन्याचा चौकोन. मिस्त्री म्हणाला, बाई, एक टाइल राहिली. मी म्हटलं, राहू दे. वास्तूला काकू आली. थकली होती, काठी लागत होती. आल्या आल्या भिंतीवर हात फिरवला, डोळ्यांसमोर धरला. मग पाट ओढून बसली आणि म्हणाली, "वाढ वं आंजीवाली. आज उपास नाई." त्यानंतर वर्षभरात ती गेली. तिच्या खानावळीत जेवून मोठी झालेली पोरं खांद्याला होती. कुठकुठली लेकरं, सगळी धडधाकट.

परवा माझा मुलगा पुण्याला शिकायला गेला. श्रावणातल्या शुक्रवारी त्याचा फोन आला. मेस चांगली आहे, जेवण बरं आहे, सगळेच तिथं जेवतात. 'सगळेच'! विनूही हेच म्हणाला होता.

"भिंतीवर हात फिरवलास का?"

"आई, काहीतरीच काय! मला भटारखान्यात कोण जाऊ देणार?"

"काकूला कोणी अडवलं होतं का? जा म्हणते ना! मी थांबते."

तो हसला, पण गेला. फोनमधून भांड्यांचे आवाज येत होते, कोणीतरी त्याच्यावर ओरडत होतं. एका हातात फोन, दुसऱ्या मुठीत अक्षता, मी अंगणात पुण्याकडे तोंड करून उभी होते.

"आई," तो म्हणाला, "कोरडी आहे गं."

मी तिथंच पायरीवर बसले आणि काकूच्या नावानं मोठ्यानं रडले.