पायरीजवळची ब्राह्मी

आमच्या वाडीतलं बावखल, म्हणजे केळींना पाणी पुरवणारं लहानसं तळं, वैशाखात आटायचं. मग आम्ही त्यातला गाळ उपसून केळींच्या आळ्यांत टाकायचो. काठ खरवडायचं काम आईचं. सगळा काठ ती लख्ख करायची, फक्त पायरीजवळची वीतभर ब्राह्मी सोडायची. कोणाची झोप उडाली, डोकं भणभणलं की शेजारणी तिच्याकडेच यायच्या. ब्राह्मीचा रस खोबरेल तेलात कढवून ती त्यांच्या टाळूवर थापायची. पाला खुडायची, मुळाला कोणाला हात लावू द्यायची नाही.

त्या वर्षी धाकटी बहीण तापाने फणफणली होती. आई तिच्या उशाशी, म्हणून काठ मी खरवडला. सतरा वर्षांची होते, उत्साह दांडगा. पायरीजवळची वीतही सोडली नाही. आई खूश होईल असं वाटलं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

चार दिवसांनी बहीण गेली आणि आईची झोपही गेली. ती बहिणीचा फ्रॉक शिवायची, उसवायची, परत शिवायची. पंधरा दिवसांनी तर विहिरीपाशी जाऊन तिला जेवायला हाका मारू लागली. बाबा म्हणाले, "रविवारपर्यंत झोपली तर ठीक. नाहीतर ठाण्याला न्यावं लागेल." ठाण्याला म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, हे आमच्याकडे कोणाला फोडून सांगावं लागत नाही.

मी सायकल काढली. होळी बाजारापासून निर्मळच्या तळ्यापर्यंत एकेक काठ पालथा घातला. सगळीकडे गाळ उपसून झालेला. काही ठिकाणी तर मी गुडघ्यांवर बसून सुकी माती नखांनी उकरली. शनिवारी एका पाटाच्या कडेला तशीच जाडसर पानं दिसली. धावत घरी आणून तेल कढवलं.

आईने वाटी नाकाशी नेली आणि कितीतरी दिवसांनी हसली. "अगं वेडे, ही घोळ आहे. डाळ घालून भाजी कर."

मला रडू आवरेना. आपली ब्राह्मी कुठे गेली, हे तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

सोमवारी तिला नेलं.

आषाढात केळींच्या आळ्याआळ्यांतून ब्राह्मी वर आली. मी खरवडून टाकलेली, त्या गाळात जीव धरून राहिलेली. इतकी माजली की बाबा म्हणाले, "हे तण काढ आता." मला तिचा असा संताप आला की ती पायांनी तुडवली आणि मग तिथेच बसून राहिले.

भेटीच्या दिवशी ओल्या फडक्यात मूठभर घेऊन गेले. आईने फडकं सोडलं. मग तिने एक पान चुरडलं, वास घेतला.

"पायरीजवळची ठेवलीस ना गं?"

"ठेवली," मी म्हणाले.

"बरं केलंस. कोणाला लागली तर असावी."