धाकट्याच्या नावाखालची कोरी जागा

मनोहर शेजवळ सरांची माझी पहिली ओळख झाली तेव्हा ते दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकलेले होते. जयपूरच्या मानसरोवर भागातल्या त्यांच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली होती आणि मी, म्हणजे लिफ्ट कंपनीचा मेकॅनिक, वर मशीनरूममध्ये मोटरीला शिव्या घालत होतो. शाफ्टमधून आवाज आला, "शिव्या लातूरकडच्या दिसतात!" या शहरात अशी दाद मला त्याआधी कुणी दिली नव्हती.

हातानं चाक फिरवून लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर आणली आणि दार उघडलं. बाहेर येणारा माणूस साधारणपणे आधी घाम पुसतो. सरांनी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "आत अडकलेली माणसं तुम्हाला सगळ्यात आधी काय म्हणतात?"

मी म्हटलं, "'मैं तो रोज़ सीढ़ी से ही जाता हूँ, भैया, बस आज ही…' असं म्हणतात. किती वेळ लागेल ते नंतर विचारतात."

ते त्यांनी तिथेच, विजेच्या बिलाच्या मागे लिहून घेतलं. नाव विचारलं. मी बालाजी सांगितलं. समोरचा माणूस चाळीस वर्षं चित्रपटांच्या पटकथा लिहितोय, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. त्यांनी मला आठ पानं तपासायला दिली होती. त्यात लिफ्टचा दोर तुटतो आणि नायक खाली कोसळतो.

"सर, दोर एक नसतो. चार-पाच असतात. आणि सगळे तुटले तरी सेफ्टी गिअर रुळांना धरतो. हा माणूस मरत नाही."

"अहो, पण तो मेल्याशिवाय माझी गोष्ट पुढे कशी जाणार?"

"ते मला काय ठाऊक? मरत नाही एवढं नक्की."

सरांनी आठही पानांवर तिरपी रेघ मारली. "मग त्याला जगवून काय करायचं, ते रविवारी चार वाजता येऊन सांगा."

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. माझं शिक्षण दहावी आणि त्यापुढे आयटीआय. पटकथा लिहिणं मला कुठल्या संस्थेनं शिकवलेलं नाही. वाचून, चुकून आणि पुन्हा लिहून मी ते शिकलो, आणि हे सांगताना मला संकोच वाटत नाही. पण टेबलापलीकडे बसून दर रविवारी माझी चूक मला दाखवणारा माणूस एकच होता, हेही तितकंच खरं आहे. आपल्या इथल्या मराठी मंडळानं सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आणि त्यांच्या कामाबद्दल मला लिहायला सांगितलं, ते बहुधा त्यासाठीच.

सरांची काम करण्याची रीत इथल्या बहुतेकांना माहीत नसेल. दोन पात्रांचा प्रसंग दोघांनी लिहायचा. एक पात्र त्यांचं, एक माझं. "आपापल्या पात्राचं वकीलपत्र घ्यायचं," असं ते म्हणतात. माझ्या पात्राचं वाक्य मी चिठ्ठीवर लिहून टेबलावरून पलीकडे सरकवायचं, ते वाचून सर आपल्या पात्राचं उत्तर लिहिणार. आपल्या पात्राला काय हवंय ते समोरच्याला सांगायचं नाही. आणि समोरच्याच्या पात्राच्या तोंडात एक शब्दही घालायचा नाही. तो गप्प बसला तर आपण थांबायचं.

पहिल्या वर्षी माझ्याकडे एका सोडून दिलेल्या बायकोचं पात्र होतं, सरांकडे तिच्या नवऱ्याचं. मी रात्रपाळ्या सांभाळून तिच्यासाठी सव्वा पानाचं भाषण लिहिलं. माझ्या मते त्याला तोड नव्हती. ते पलीकडे सरकवलं आणि सरांच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. पलीकडून चिठ्ठी आली: "तो मोबाईल बघतोय. ऐकत नाही."

मी चिडलो. "सर, एवढं लिहिलंय!"

"बालाजी, तू लिहिलंस ते मी ऐकलं. त्यानं ऐकलं नाही. आता तिला काय करायचंय ते बघ." (तोवर मी 'अहो'चा 'अरे' झालो होतो.)

मी तिला काहीच बोलू दिलं नाही. तिनं फक्त त्याचा चार्जर काढून आपल्या पिशवीत टाकला. तो प्रसंग आजही जसाच्या तसा आहे.

तपशिलाच्या बाबतीत मी काटेकोर आहे असं माझ्या घरातले वैतागून म्हणतात. सर माझ्या पुढचे आहेत. एका वडिलांनी मुलीला बसमध्ये बसवताना काय म्हणावं, या एका वाक्यासाठी आम्ही जयपूरजवळच्या चौमूंला गेलो. सर बसस्टँडच्या बाकावर तीन तास बसले. शेवटी एक माणूस मुलीला सोडायला आला. बस बारा मिनिटं उशिरा सुटली, तेवढा वेळ दोघं गप्प. बस हलली तेव्हा तो खिडकीशी धावत म्हणाला, "पानी की बोतल आगे वाली जेब में है!"

"झालं," सर म्हणाले. "चल."

सरांची मुलगी सैन्यात डॉक्टर आहे. तिची इथे बदली झाली म्हणून ते जयपूरला आले, आणि तिची पुढे बदली झाली तेव्हा इथेच राहिले. वहिनी त्याआधीच गेल्या होत्या. "आता पुन्हा खोकी कोण बांधणार?" एवढंच कारण ते सांगतात. चौथ्या मजल्यावरच्या त्या घरात तीन खोल्या आहेत आणि सर एकीतच राहतात. सोमवार ते शनिवार आपला आवाज वापरायची वेळ फक्त भाजीवाल्याशी येते, असं ते हसत सांगतात. मला त्यात हसू येत नाही.

माणसाची बाजू घेणं म्हणजे काय, तेही मी त्यांच्याकडे पाहिलं. आमच्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी निर्मात्याचा फोन आला होता. माझं नाव पटकथेत नको, 'विशेष साहाय्य'मध्ये टाकू, असं तो म्हणत होता. सर म्हणाले, "उत्तम. माझंही तिथेच टाका. तेवढ्याच आकारात." नाव पटकथेत आलं, दोघांचं, एका ओळीत. माझ्या मुलीला मराठी वाचता येतं तेही सरांमुळे. ती "मतलब" म्हटल्याशिवाय एक वाक्य पूर्ण करत नसे. तिला त्यांनी आमच्या जुन्या चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायला बसवलं. ती अडखळली की सर तिला दुरुस्त करत नसत, मला म्हणत, "बघ, इथे वाक्य अडतंय. तुझी चूक आहे."

आता जे लिहायचं आहे ते लिहू का, असं मी सरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "नुसतं कौतुक छापणार असशील तर तेही माझ्या तोंडात घातलेलं वाक्यच. लिही."

सरांच्या कपाटात एक कापडी फाईल आहे. दोन भावांच्या पटकथेची. एक्केचाळिसाव्या पानापर्यंत ती नीट टाईप केलेली आहे. त्या पानावर थोरला धाकट्याला एक प्रश्न विचारतो. खाली धाकट्याचं नाव आहे, आणि त्याच्याखाली पान कोरं. थोरल्याच्या प्रश्नावर मात्र इतक्या वेळा खाडाखोड करून वर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्यात की ते पान तिथे पुठ्ठ्यासारखं जाड झालंय.

"हे अर्धवट का?" मी विचारलं होतं.

"धाकटा माझा नाही. प्रभाकरचा आहे."

प्रभाकर म्हणजे नाडगीर साहेब. सरांनी त्यांच्याबरोबर बावीस वर्षं लिहिलं. चिठ्ठ्यांची ही रीत दोघांची आहे, सरांच्या एकट्याची नाही, हे इथे नोंदवायला हवं. ते पुण्यात असतात आणि सरांशी बोलत नाहीत, एवढंच तेव्हा मला ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी सर पंधरा दिवस मुलीकडे गेले. घराची किल्ली माझ्याकडे होती. त्या पंधरा दिवसांत मी धाकट्याचं उत्तर लिहिलं. एकतीस वेळा लिहिलं, बत्तिसावं साफ अक्षरात उतरवून फाईलमध्ये ठेवलं. सरांसमोरची ती खुर्ची आता माझी आहे, असं मला वाटत होतं. खोटं कशाला सांगू?

सर परत आले. वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "मी लिहिलं होतं त्याच्यापेक्षा चांगलं."

मग त्यांनी सांगितलं. त्या प्रसंगावर नाडगीर साहेब अडले होते. थोरला विचारत होता, आई जाताना तू का आला नाहीस? पलीकडून चिठ्ठी येत नव्हती. एक दिवस नाही, दोन आठवडे. निर्माता मागे लागला होता. सरांना एक गोष्ट माहीत होती. नाडगीर साहेब स्वतः आपल्या आईच्या अखेरीला पोचले नव्हते, आणि का पोचले नव्हते ते त्यांनी कधीतरी फक्त सरांना सांगितलं होतं. सरांनी ते उचललं. धाकट्याच्या नावाखाली स्वतः लिहिलं आणि पानं निर्मात्याकडे पाठवून दिली.

"त्याला वाचून दाखवलं. त्यानं पेनाला टोपण लावलं आणि निघाला. मी दुसऱ्या दिवशी पानं परत मागवली, ते उत्तर काढून टाकलं. पण तो गेला तो गेलाच. माफी मागायला तीनदा त्याच्या दाराशी गेलो, बालाजी. दार उघडलं नाही."

ते उत्तर काय होतं ते सरांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझं बत्तिसावं उत्तर मी त्यांच्यासमोर फाडलं, आणि तीन आठवडे तिकडे फिरकलो नाही. आठ वर्षं रविवार दिले आणि अजूनही मी दुसऱ्याच्या जागेवरच बसतो, हे मला गिळवत नव्हतं. चौथ्या रविवारी गेलो तेव्हा सर टेबलाशी होते. आमच्या चालू पटकथेची एकच चिठ्ठी समोर होती, मी निघून गेलो होतो त्या दिवशीची. ते एका शब्दानंही पुढे गेले नव्हते. मी बसलो. त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. इतकंच.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी नाडगीर साहेबांना फोन केला. ज्याची खातरजमा केली नाही ते मी लिहीत नाही, आणि बावीस वर्षांचा आकडा फक्त सरांकडून कळलेला होता. सरांना या फोनबद्दल ठाऊक नाही. ते तुम्हा सर्वांबरोबर इथेच वाचतील.

"एकवीस," नाडगीर साहेब म्हणाले. "मनोहर पहिल्यापासून वर्ष वाढवून सांगतो." (सरांनी सांगितलेला आकडा मी वर तसाच ठेवला आहे. दोघांनी बसून काय ते ठरवावं.)

मी सगळं सांगितलं. कोरं पान अजून तसंच आहे, हेही.

"तुम्ही भरलं नाहीत?"

"भरलं होतं. फाडलं."

त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी गॅस बंद केला. मग ते म्हणाले, "थोरल्याचं वाक्य वाचा."

पान माझ्यासमोर नव्हतं. पण सगळ्यात वरच्या पट्टीवरचं वाक्य मला पाठ आहे. मी म्हटलं, "'आईनं दोनदा दाराकडे बघून तुझं नाव घेतलं. तिला मी काय सांगायला हवं होतं?'"

फोन कटला की काय म्हणून मी कानापासून काढून बघितला.

"हा प्रश्न असा नव्हता," नाडगीर साहेब म्हणाले. "'तू का आला नाहीस' असा होता."

"हो. सर तो बदलत आलेत. पट्ट्यांवर पट्ट्या आहेत."

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा म्हटलं.

"याला उत्तर देता येईल," ते म्हणाले. आणि लगेच, "घ्या लिहून."

माझ्या हातात पेन होतं, समोर कागद होता. ते उत्तर मला हवं होतं, किती हवं होतं ते मलाच माहीत. मी म्हटलं, "नाही साहेब. मी लिहून घेणार नाही. तुमच्या अक्षरात हवं, आणि टेबलापलीकडून यायला हवं."

"मोठे शिस्तीचे दिसता."

"सरांनी शिकवलंय."

"त्यानंच मोडली होती ती शिस्त."

"म्हणूनच, साहेब."

ते हसले की खोकले, मला सांगता येत नाही. त्यांचं नाव घालून हे छापायची परवानगी मी मागितली. "छापा," म्हणाले. पंचाहत्तरीच्या समारंभाला जयपूरला याल का, असं विचारलं. म्हणाले, "बघतो."

सर, तुमच्या माझ्यातल्या नियमाप्रमाणे मी 'बघतो'चा अर्थ लावत नाही. ते त्यांचं वाक्य आहे. तुमच्यासाठी मात्र मनापासून मागणं आहे. तुमची नजर शाबूत राहो, कारण नाडगीर साहेबांचं अक्षर बारीक आहे असं तुम्हीच सांगता. उजवा हात असाच चालत राहो. उत्तर आलं तर थोरल्याला त्यावर बोलावं लागेल, मग धाकट्याला, मग पुन्हा थोरल्याला, आणि अशी अजून साठेक पानं व्हायची आहेत. त्या सगळ्या पानांना पुरून वर चार निवांत वर्षं उरतील एवढं निरोगी आयुष्य तुम्हाला लाभो.

ते आले तर मला फोन करू नका. तो रविवार असला तरी मी येणार नाही.