भिंतीला पाठ लावून

बाबारावला खोली दिली, की तो आधी तिच्यात झोपे. भर दुपारी, दार लावून, उशाला चपला.

फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर जबलपुरात त्यानं हेच काम धरलं होतं. ऑफिसांतली नेटवर्कची यंत्रं लोखंडी कपाटासारख्या उंच रॅकमध्ये बसतात. रॅक यायच्या आधी खोली तयार करून द्यायची. पाण्याच्या नळीनं फरशीची लेव्हल पाहायची, अर्थिंगचा खड्डा खणून मीठ-कोळसा भरायचा, वायरींच्या वाटा काढायच्या. पण पहिली झोप.

"जागं असलं का आपणच बडबडतो," तो म्हणे. "झोपलं का खोली बोलते."

"झोपाची नोकरी करणारा जगात एकच," बायको अनसूया म्हणे, "अन् तोही माह्याच नशिबी."

राइट टाउनच्या एका ऑफिसची खोली मे महिन्यात हाती आली. मॅनेजर श्रीरंगजींनी मागच्या भिंतीशी रॅकची चौकट खडूनं स्वतःच आखून ठेवली होती. भिंतीला नवा, गुळगुळीत रंग. बाबाराव त्या चौकटीतच बसला, पाठ टेकली, डोळे मिटले.

तो ग्वारीघाटाच्या पायरीवर होता. नर्मदा कमरेपर्यंत आली, मग पाठीवर चढली. बारक्या मासोळ्या पाठीला तोंड लावून राहिल्या. द्रोणातले दिवे वाहत आले, लाल, हिरवे, ओळीनं. अन् त्याच्याजवळ आले की आवाज न करता एकेक बुडत गेले.

"काका! सो रहे हो?" श्रीरंगजी डोक्याशी उभे. "सोमवारी मशीन येऊन राहिली, अन् तुम्ही घोरून राहिले!"

बाबारावनं पाठ चाचपली. पंखा नाही, खिडकी बंद, छाती घामानं चिंब. अन् पाठ माठासारखी गार.

"साहेब, या भिंतीत पाइप झिरपून राहिला. भिंत फोडा लागते."

"काहून? तुम्हाले सपन पडलं म्हणून?" श्रीरंगजी हसले. "रंग ताजा आहे, गार लागणारच. रॅक इथंच लागेल. जमत नसेल तर दुसरा ठेकेदार उभाच आहे."

गप्प बसता आलं असतं. कामावर झोपणारा म्हातारा म्हणून नाव झालं, तर राइट टाउनचं एकही दार पुन्हा उघडणार नव्हतं. पण रॅकच्या पाठीत पाणी शिरलं, तर लोक विचारतील, खोली कोणी केली? तेव्हा नाव त्याचंच निघणार होतं.

"मग मशीनवाल्या बाईसमोरच बोलू," तो म्हणाला, अन् चौकटीतून उठला नाही.

संध्याकाळी यंत्राच्या कंपनीची इंजिनिअर मनीषा खोली पास करायला आली. मराठी पोरगी, पण मराठी घरापुरतीच. बाबाराव सरकला.

"बस बेटा. पाठ लाव. डोळे मीट."

"काका, ये क्या है?"

"बस तं खरं."

ती बसली. श्रीरंगजी घड्याळ पाहत राहिले. एक मिनिट गेलं, तीन गेली. मनीषाची मान कलली.

"लो, दीदी भी सो गई!"

"झोपली नाही जी," मनीषा डोळे मिटूनच म्हणाली. "काका, पाठीत थंडी येऊन राहिली. अंदर पानी है ना?"

तिनं कागदावर सही केली नाही.

भिंत फोडली. वरच्या बाथरूमचा पाइप गंजून थेंब थेंब गळत होता. विटा चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या हातात आल्या. रॅक तीन आठवडे लांबला. तेवढे दिवस श्रीरंगजी बाबारावशी एक शब्द बोलले नाहीत.

रॅक लागल्यावर बाबाराव पाहायला गेला. लाल-हिरवे दिवे ओळीनं लुकलुकत होते. तो रॅकच्या मागं शिरला, भिंतीला पाठ लावली, डोळे मिटले. भिंत कोरडी ठक्क. नर्मदा आली नाही.

निघताना श्रीरंगजींनी शहपुऱ्याच्या ऑफिसची किल्ली हातावर ठेवली. "नई खोली है, काका. चादर लेते जाना."

घरी अनसूयानं ताट वाढलं. "कशी झाली तुमची खोली?"

"मुकी झाली," बाबाराव म्हणाला, अन् भाकर मोडली. "चांगली झाली."