मागे दाखवणारे बाण

परवा दुपारी सीताबर्डीतून रेंगाळत चाललो होतो, तर एका दुकानाच्या अंधाऱ्या पोटातून नव्या रबराचा वास आला. कडवट, उबदार, किंचित गुळचट. पाय आपोआप थांबले. मोगऱ्याच्या वासाने लोकांना कोण कोण आठवत असेल. मला टायरच्या वासाने मोठेबाबा आठवतात, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. माझ्या रसिकतेविषयी काय तो समज आपण आताच करून घ्यावा, पुढचे सोपे जाईल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. रामटेककडच्या आमच्या गावी एक जुना ट्रॅक्टर आला होता. इंजिन धडधाकट, मागच्या टायरांना मात्र पुरते टक्कल. घरात कॉलेज शिकलेला मी एकटा, म्हणून टायरनिवडीचा मान माझा. मोठेबाबांना ट्रॅक्टर मुळात नकोच होता. त्यांची पांढरी बैलजोडी होती. माणसांशी ते जेवढे बोलत नसत तेवढे तिच्याशी बोलत. पुष्कळ विनवण्यांनंतर म्हणाले, "धानाच्या पहिल्या बांधीत चिखल करून दाखव त्याच्यानं. जमलं, तर जोडी बाजारात नेतो. शब्द देतो तुले."

ट्रॅक्टर शहरात टायरच्या दुकानी नेला. दुकानदाराने विचारले, "अकरा-अठ्ठावीस की बारा-अठ्ठावीस?" मला ते पॅसेंजर गाडीच्या वेळेसारखे वाटले. पण अज्ञान लपवायचे तर चेहरा गंभीर ठेवावा, हे मी कॉलेजात शिकलो होतो, बहुधा तेवढेच. दोन्ही टायरांवरून मी हात फिरवला, बोटांनी टिचकी मारली, जणू कलिंगडच घेतोय, आणि रुंद दिसला तो बारावाला निवडला. शिवाय छत, दोन आरसे आणि तीन सुरांत वाजणारा भोंगा. भोंग्यावर माझा सर्वाधिक वेळ गेला.

टायर चढले. फिटरने ट्रॅक्टर दुकानापुढच्या अंगणात एक चक्कर फिरवला आणि धुळीत ठसे उमटले: बाणांमागून बाण, सगळे मागे तोंड केलेले. मी अस्वस्थ झालो. गाडी पुढे आणि बाण मागे?

"असंच राहते साहेब," फिटर म्हणाला. "समोर जानाऱ्याची खून मागं दाखवते."

"उलटे बसवले तुम्ही. फिरवा," मी म्हणालो. प्रगतीचे बाण पुढेच असले पाहिजेत, असे एक वाक्यही वर फेकले. त्याने माझ्या इस्त्रीच्या कपड्यांकडे पाहिले, "काहून फिरवता गा," एवढे स्वतःशीच पुटपुटला आणि डावे चाक उजवीकडे, उजवे डावीकडे केले. कन्हानचा पूल ओलांडताना मी मागे वळून वळून धुळीतले ठसे पाहत होतो. सगळे बाण गावाकडे. काय सुंदर दिसत होते!

बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाणी भरलेले, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सारे गाव. मी आधी भोंगा वाजवला. मग ट्रॅक्टर चिखलात उतरला, दहा हात गेला आणि जागच्या जागी चाके गरगरवू लागला. पाहता पाहता चाकांच्या आसापर्यंत रुतला. कोणीतरी ओरडले, "भोंगा वाजव गा, भोंग्यानं निघन!" शेवटी मोठेबाबांनी जोडी आणली, साखळी बांधली, बैलांच्या कानाशी काहीतरी बोलले. बैलांनी माझी प्रगती बाहेर ओढून काढली.

त्या क्षणी ते जिंकले होते. जोडी घरी नेली असती तर कोणी एक शब्द विचारला नसता. पण ते चाकापाशी उकिडवे बसले, चिखलाने बुजलेल्या खाचांत बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "चिखल बाहेर फेकाचा सोडून हे पोटात भरून राहिलं. फाळ टोकानं मातीत शिरते ना? याचं टोक मागं काहून?"

चाके मीच हट्टाने फिरवून घेतली होती, हे मी कबूल केले. दुसऱ्या दिवशी चाके पुन्हा बदलली आणि ट्रॅक्टरने दुपारच्या आत लोण्यासारखा चिखल केला. माझ्याने भोंगा वाजवला गेला नाही.

बाजाराच्या दिवशी मोठेबाबांनी स्वतः जोडी सोडली. वाटेत मी धीर करून म्हणालो, "तुम्ही बोलला नसता, तर बैल राहिले असते."

"दिसल्यावर चूप राहाले जमलं नाही गा," ते म्हणाले, आणि बैलाच्या पाठीवरची गोमाशी हाकलली.

खाली पाहिले. पहाटे ट्रॅक्टर त्याच वाटेने शेताकडे गेला होता. ओल्या मातीत बैलांचे खूर बाजाराकडे निघाले होते, आणि त्यांच्याखालचे बाण, एकूणएक, मागे गोठ्याकडे दाखवत होते.

दुकानदार परवा विचारत होता, "कोणता साईज दाखवू?" मी म्हणालो, "नुसता वास घेतोय." त्याने मला वेडा समजून पंखा माझ्याकडे वळवला. मग मी पुढे निघालो, म्हणजे पाय तरी पुढे पडत होते.