शेवट सोमवारी आणा

शेवट न बघता इतके पिक्चर बघितलेली माणसं आमच्या इंदापूर तालुक्याइतकी जगात कुठे नसतील, आणि त्याला सर्वस्वी आमच्या शाळेतले मराठीचे सर जबाबदार आहेत. मी तिथेच इंग्रजी शिकवतो, त्यामुळे हा छळ जवळून पाहिला आहे. आधी धडा, मग पिक्चर, मग पुन्हा धडा, ही त्यांची पद्धत. बारामतीहून घेतलेला जुना प्रोजेक्टर ते स्कूटरवर पायाशी ठेवून आणत आणि प्रत्येक गतिरोधकापाशी उतरून गाडी हाताने ढकलत नेत. खिडक्यांना खताच्या गोण्या लावून वर्गात अंधार करत. पडद्यावरच्या बाईने दुसरं ताट मांडून तसंच उचलून ठेवलं की सर चित्र थांबवत. "एक शब्द बोलली नाही ती. आता हे कागदावर आणा, आणि 'दुःख' हा शब्द वापरायचा नाही."

शेवट जवळ आला की प्रोजेक्टर बंद. "शेवट सोमवारी लिहून आणा." सोमवारी सबब चालत नसे. एकदा कळसचे एक तात्या नातीला डबा द्यायला आले आणि दारातच पिक्चर बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी डाळिंबाची तोडणी सोडून शाळेत हजर.

"सर, त्या बाईचा मालक परत आला का न्हाय, तेवढं सांगा. रातभर डोळ्याला डोळा न्हाय."

"तुम्हाला काय वाटतं, तात्या?"

सोमवारी नातीच्या अक्षरात तात्यांचा शेवट आला. त्यात मालक नवा ट्रॅक्टर घेऊन परतला होता. सरांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि कुणालाही हसू दिलं नाही.

अशा माणसाला स्वतःची निवृत्ती मात्र सोसवेना. तो विषय निघाला की चहा अर्धा टाकून उठत. एकदाच मला म्हणाले, "घरी बसून मी करू काय हो? वर्गाशिवाय मला काही येत नाही."

निरोपाच्या दिवशी पोरांनी भाषणं केली नाहीत. मोबाईलवर काढलेला पिक्चर लावला. त्यात गोण्या होत्या, गतिरोधकावर ढकललेली स्कूटर होती. मग सर वर्गाला कुलूप लावतात, किल्ली हातात घेऊन व्हरांड्यात उभे राहतात, इकडे बघतात, तिकडे बघतात. तिथेच पडदा काळा झाला.

"बंद का केलं रे?" सरांनी विचारलं.

तात्यांची नात उठली. "शेवट तुमी लिवून आणायचा, सर."

सरांनी चष्मा पुसला. मग हळूच म्हणाले, "सोमवारी?"

"न्हाय सर. तुमाला सोमवारची अट न्हाय."

तरीही दर सोमवारी सकाळी त्यांचा मला फोन येतो. पळसदेवला जाऊन धरणाच्या पाण्याकडे बघत बसलो होतो, म्हणतात, पण शेवट काही जमला नाही. मी म्हणतो, सावकाश होऊ द्या. खरं सांगायचं तर त्यांनी तो कधी लिहूच नये असं मला वाटतं. पुढच्या सोमवारी फोन यायला हवा.