हाताच्या उंचीवरची पाटी

नाशिकच्या कॉलेज रोडला एक मोठं कॉम्प्लेक्स उभं राहत होतं, तेव्हा तिथल्या आर्किटेक्टबाई रिक्षा करून मला न्यायला घरी आल्या. दोन हजार साल उलटून पाचेक वर्षं झाली असतील. "मॅडम, ब्रेलच्या पाट्या करून आणल्यात, जरा तपासून द्याल का?" म्हणाल्या. मी म्हटलं, "देते की. पण लावणार कुठे?" त्या म्हणाल्या, "कुठे म्हणजे? दारावर, चौकटीच्या वर." मी म्हटलं, "मग शेजारी एक शिडीपण ठेवा, मी चढून वाचत जाईन."

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या असाव्यात, कारण बराच वेळ नुसती पर्सच्या चेनची उघडझाक चालली होती. मी काही मुद्दाम टोचून बोलत नाही हो, पण पाटीचा विषय निघाला की माझी जीभ ताब्यात राहत नाही. त्याला कारण आहे. एका पाटीपायी मी सात महिने ऑफिसात पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

मला दिसत नाही. तिसऱ्या वर्षी ताप आला आणि डोळे घेऊन गेला. ब्रेल शिकले, टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला आणि नाशिकच्याच एका मोठ्या सरकारी ऑफिसात बोर्डावर बसले. साठ एक्स्टेन्शन तोंडपाठ. कोणता साहेब जागेवर आहे, कोण चहाला सटकलाय, कोण घरी भांडून आलाय, हे मला पहिल्या 'हॅलो'त कळायचं. जुन्या बैठ्या ऑफिसात मी एकटी हिंडायचे. कुणाचा दंड धरायची गरज पडायची नाही, आणि मला त्याची घमेंड होती. अजूनही आहे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी ऑफिस त्र्यंबक रोडच्या नव्या इमारतीत गेलं. चार मजले, लिफ्ट, गुळगुळीत फरशी. सगळे खूश, मीही खूश. आमचा मजला दुसरा. पॅसेजच्या टोकाला शेजारी शेजारी, अगदी सारखी दोन दारं: डावं बायकांच्या संडासाचं, उजवं पुरुषांच्या. पहिल्याच दिवशी मी बोर्डापासून पावलं मोजून ठेवली. एकतीस. डोळसांना वाटतं, आंधळ्या माणसाला पाटी कशाला हवी, मोजून जावं की! मी मोजूनच गेले होते. घात तिथेच झाला.

झालं काय, इमारत नवी पण नळ जन्माचे रडके. आठवड्यातून दोनदा एका बाजूचं पाणी जायचं. मग आमच्या मजल्यावर एक पद्धत पडली: ज्या बाजूला पाणी, ती बाजू त्या दिवशी बायकांची. पुरुषांनी आपलं कोरड्या बाजूला भागवायचं. पद्धत चांगली होती, मी नावं ठेवत नाही. फक्त अदलाबदल झाली की दारावर कागद चिकटवायचे, आणि तो कागद मी सोडून सगळे वाचायचे.

अशाच एका दुपारी मी ताठ मानेनं एकतीस पावलं गेले, डावं दार ढकललं आणि आत शिरले. "अहो बाई! अहो!" असा एकच गिल्ला झाला. बाहेर पळाले तर पॅसेजमध्ये हशा. कुणीतरी म्हणालं, "आज ऑपरेटरबाईंनी डायरेक्ट कनेक्शन लावलं!" मीही हसले. हसत हसत बोर्डावर येऊन बसले आणि हेडफोन कानाला लावून रडले. शाळेत पोरं चिडवायची तेव्हासुद्धा मला आंधळं असण्याची लाज वाटली नव्हती. त्या दिवशी वाटली.

त्यानंतर मी एकटी जायचं सोडलं. सफाईला एक मावशी होत्या, मखमलाबादकडच्या. घरचा मळा होता. पहाटे फुलं बाजारात पोचवून मग ऑफिसला यायच्या, त्यामुळे त्यांच्या हाताला झेंडूचा वास असायचा. त्या म्हणाल्या, "मला हाक मारा बाई, मी नेते." पण मावशींकडे तीन मजले. मला जायचं असलं की मी एकेका मजल्यावर फोन लावून विचारायचे, "मावशी आहेत का?" दोन दिवसांत अख्ख्या इमारतीला माझ्या लघवीचं टायमिंग पाठ झालं. कुणी लगेच म्हणायचं, "पाठवतो हं, पाठवतो!" त्या आवाजातली दया मला ऐकवेना.

मग मी सोपा मार्ग काढला. पाणीच प्यायचं नाही. सकाळी सातला अर्धा कप चहा, तो शेवटचा. डब्यातली भाकरीसुद्धा कोरडी गिळायचे. उन्हाळ्यात बोलून बोलून घसा चिरायचा, पण मी ग्लासाला हात लावत नसे. सात महिन्यांनी ताप भरला, लघवीला आग पडायला लागली आणि एक दिवस बोर्डावरच घेरी आली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मला अशी झापली की विचारू नका. "एवढ्या शिकलेल्या तुम्ही! किडनी गेली तर काय करणार आहात? पाणी प्या, नाहीतर नोकरी सोडा." नोकरी सोडा! ती सोडली तर मी आणि आई खाणार काय?

दुसऱ्याच दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभी राहिले. अपंगांसाठी नवा कायदा आला होता आणि त्यात सरकारी इमारतींबद्दल काय काय म्हटलंय, ते मी ब्रेल मासिकातून वाचलं होतं. साहेब माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "कायदा परवडेल तसं करा म्हणतो, पण तुमचं काम करूच." आणि खरंच केलं. आठ दिवसांत निरोप आला: ब्रेल पाटी लागली, बघायला या.

मी गेले, तर मागून अर्धं ऑफिस. दार चाचपलं, कडी चाचपली, कुठे काही नाही. मावशी कानाशी म्हणाल्या, "वर हाय बाई, तोरण बांधत्यात तिथं." मी म्हटलं, "स्टूल आणा." साहेब म्हणाले, "अहो, कशाला?" मी म्हटलं, "आणा तर खरं." पदर खोचला, स्टुलावर चढले आणि पाटीवरून बोट फिरवलं. आरशासारखी गुळगुळीत! पुन्हा फिरवलं. ऑइलपेंटचा वास आला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तक्त्यावरून बघून पेंटरनं ब्रेलचे ठिपके पांढऱ्या रंगात रंगवले होते.

"किती सुबक काढलेत बघा," साहेब खालून म्हणाले.

"साहेब," मी वरूनच म्हटलं, "ही पाटी डोळे असलेल्यांसाठी आहे. फक्त त्यांना ती वाचता येत नाही. आणि मला वाचता येते, पण ती मला दिसत नाही."

मी स्टुलावरून उतरले. त्याच क्षणी ठरवलं की आता कुणाच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही. आपली पाटी आपण करायची.

शनिवारी अर्ध्या दिवसानं सुटले आणि मावशींना घेऊन भांडी बाजारात गेले. तिथे एका दुकानाच्या पायरीवर भांड्यांवर नावं घालणारे एक काका बसायचे. पेला घ्या, परात घ्या, काका छिन्नी-हातोडीनं टकटक ठिपके पाडत नाव उमटवून देणार. आमच्या घरच्या सगळ्या ताटांवर आईचं नाव त्यांनीच घातलेलं. मी घरून जाड कागदावर ब्रेलमध्ये 'महिला' लिहून नेलं होतं. ते दिलं आणि म्हटलं, "पितळी पट्टीवर असेच ठिपके पाडून द्या." काका म्हणाले, "हात्तिच्या! यापेक्षा बारीक काम करतो मी. जाऊन या तासाभरात."

तासाभरानं पट्टी हातात घेतली आणि मी कपाळावर हात मारला. सगळे ठिपके खड्डे! काकांनी माझा कागद डोळ्यांनी बघितला होता, बोट लावलंच नव्हतं. आणि भांड्यावर नाव घालायचं म्हणजे वरून ठोकायचं, चाळीस वर्षांचा हात दुसरं काय करणार? चूक माझीही होती. मी तरी कुठे सांगितलं होतं की ठिपके वर यायला हवेत? मला वाटलं, जगाला ठाऊकच असणार.

"काका, डोळे मिटा," मी म्हटलं आणि त्यांचं बोट धरून कागदावर टेकवलं.

काका म्हणाले, "अरेच्चा! हे उठलेलं आहे होय?" त्यांनी पट्टी उलटी केली. "मग हे घ्या, इकडून उठलंय."

"उठलंय, पण आरशातल्यासारखं उलटं झालंय. तुम्हाला पाठीमागून ठोकायला लागेल, उजवीकडून डावीकडे."

"छे, छे! उभ्या जन्मात असं उलटं नाव घातलं नाही मी. चुकेल."

मी पिशवीतून माझी ब्रेलची चौकट आणि टोचणी काढली, कागद अडकवला आणि पायरीवर बसूनच लिहायला लागले. उजवीकडून डावीकडे, कागदाच्या पाठीवर, टक टक टक. मग कागद काढून उलटा केला आणि सरळ वाचून दाखवला. काका एकदम खदखदून हसले. "म्हणजे बाई, तुम्ही माझ्याच धंद्यातल्या! सगळं आयुष्य मागून ठोकत आलात."

दुसरी पट्टी त्यांनी माझ्यासमोर केली. खाली जुन्या चपलेचा रबरी तळ घेतला, म्हणजे पितळ दबून पलीकडून ठिपका उठतो. प्रत्येक अक्षर झालं की पट्टी माझ्या हातात द्यायचे, मी 'बरोबर' म्हटलं की पुढे. शेवटी वरच्या बाजूला भोक पाडून त्यात साखळी ओवली. ते भोक माझ्या डोक्यातलं होतं. ही पाटी भिंतीला ठोकायची नाही, दाराच्या कडीला टांगायची. जिथे पाणी, तिथे पाटी. मावशी म्हणाल्या, "आन् पानी कुठं हाय ते माझ्याबिगर कोनाला ठावं?"

सोमवारी साहेबांना पट्टी दाखवली. त्यांनीही बोट फिरवलं आणि म्हणाले, "टांगा." मावशींनी ती डाव्या दाराला टांगली. साडेदहाला मी बोर्डावर बसले, घरून आणलेला फिरकीचा तांब्या उघडला आणि सगळ्यांदेखत घटाघट अर्धा रिकामा केला. पाणी हनुवटीवरून साडीवर सांडलं. शेजारच्या टायपिस्टबाई म्हणाल्या, "अगं, हळू!" मला कसलं हळू!

बाराच्या सुमाराला उठले. काठी घेतली. एकतीस पावलं. डाव्या दाराची कडी चाचपली.

पाटी नव्हती.

आत कुणीतरी खाकरलं. सात महिन्यांपूर्वीचा तो सगळा हशा कानात घुमला, आणि वाटलं, परत फिरावं, मावशींना फोन लावावा. पण प्यायलेलं अर्धा तांब्या पाणी काही थांबत नाही. मी एक पाऊल उजवीकडे सरकले आणि दुसऱ्या दाराच्या कडीवर हात ठेवला. गार पितळ. उठलेले ठिपके. 'महिला.'

मी दार ढकललं आणि आत गेले.

परत येते तर मावशी जिन्यावरून धावत येत होत्या. "बाई, आत्ताच डावीकडलं पानी गेलं. पाटी तेवढी हलवली बगा, पर वरून हाक आली. तुमाला सांगायचं राहिलंच की वो!"

"राहू द्या, मावशी," मी म्हटलं, "सांगायची गरज नाही पडली." आणि जागेवर बसून तांब्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.